चौपन्न वर्षांचं शेंडेफळ

गावात इंजेक्शनं देण्याचं काम मी पस्तीस वर्षं करते आहे. मला सेनायदा म्हणून हाक मारणारे थोडे, सुईवाली म्हणणारेच जास्त. सुई टोचायला दोन सेकंद लागतात, पण त्या दोन सेकंदांसाठी मला प्रत्येक घराच्या आतल्या खोलीपर्यंत जाता येतं. माझा नवरा म्हणायचा, हिला पगार देऊ नका, नुसत्या बातम्या दिल्या तरी हिचं पोट भरतं. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. देवानं नाक दिलं ते काय फक्त शिंकायला?

या नाकापायी मी एकदाच पस्तावले, आणि तेही नाबोरच्या बाबतीत.

नाबोर नेत्सावाल चौपन्न वर्षांचा आहे. डोक्यावरचे अर्धे केस गेले, उरलेले पांढरे झाले, तरी अख्खं सान बेर्नाबे गाव त्याला शेंडेफळ म्हणतं. सात भावंडांतला तो शेवटचा. आमच्याकडे थोरला लग्न करून वेगळी चूल मांडतो, मग त्याच्या पाठचा, मग त्याच्या पाठचा, असे सगळे बाहेर पडतात आणि शेवटी उरेल त्याला घर मिळतं. घरासोबत आईबाप मिळतात. घर घेतो पण म्हातारी नको, किंवा म्हातारी सांभाळतो पण घर नको, असं चालत नाही. दोन्ही एकत्र घ्यायचं.

बाहेर पडलेली मुलं मग पाहुणी होतात. रविवारी फडक्यात गोड पाव बांधून येतात, पुढचं दार वाजवतात आणि आतून "कोण?" अशी हाक येईपर्यंत टोपी हातात घेऊन उभी राहतात. आई त्यांना खुर्ची देते, कॉफी पाजते. शेंडेफळाची ये-जा मागच्या दारानं, स्वयंपाकघरातून. त्याला कोणी कॉफी विचारत नाही. बहुतेक वेळा ती त्यानंच केलेली असते.

नाबोरची आई दोन्या क्रिस्पिना, म्हणजे क्रिस्पिनाबाई, अठ्ठ्याऐंशीची. अंगानं चिमूटभर, पण पहाटे पाचला तिनं "नाबोर!" म्हणून हाक मारली की शेजारचा कुत्राही उठून बसतो. नाबोर चूल पेटवायचा, मक्याची आंबील ढवळायचा, तिला उठवून खुर्चीत बसवायचा, तिच्या दोन वेण्या घालायचा, आणि मग पडवीतल्या मागावर घोंगड्या विणायला बसायचा. शनिवारी अंगणातली वाफेची न्हाणी तापवायची आणि आईला पाठुंगळी घेऊन तिच्या दारापर्यंत न्यायचं. आत न्हाऊ घालायला थोरली भावजय आंपारो असायची. आठवड्यातून दोनदा ताकदीचं इंजेक्शन द्यायला मी जायची आणि या दोघांची जुगलबंदी ऐकायची.

"वेणी घट्ट घाल. काल सुटली होती."

"काल तुम्ही कोंबडीमागे धावलात, म्हणून सुटली."

"मला उठता येत नाही आणि मी धावले?"

"कोंबडीला विचारा."

ती हसायची नाही, पण मान जरा वर करायची, म्हणजे त्याला घट्ट घालता यावी. नाबोर कधी कुरकुरला नाही. मला तेच खुपायचं. न कुरकुरणारा माणूस आतमध्ये काय ठेवतो, हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही.

गेल्या ऑक्टोबरात, तिच्या नावाच्या संताच्या सणाला, दोन्या क्रिस्पिनानं घर रीतसर शेंडेफळाच्या हाती द्यायचं ठरवलं. अंगणात पीचच्या झाडाखाली खुर्च्या मांडल्या. पोरं, सुना, नातवंडं, शेजारी, सगळे जमले. पुएब्ला शहरातून एवेलिया केक घेऊन आली. ही नात. क्रिस्पिनाची मधली मुलगी ओतिलिया एकतीस वर्षांपूर्वी शहरातून तान्हं बाळ घेऊन आली, बापाचं नाव तिनं सांगितलं नाही, महिनाभर राहिली आणि उत्तरेला सीमेपलीकडे गेली ती तिकडचीच झाली. बाळ आजीकडे वाढलं. आता ती पोर पुएब्लात जीन्सच्या कारखान्यात चाळीस शिलाई मशिनांवर देखरेख करते, आणि आजीला आईच म्हणते.

गावचा कारभारी डॉन इलारियो शिक्का घेऊन बसला होता. त्यानं मागवलेली मुलांची यादी थोरला फिदेन्सियो नोंदणी कचेरीतून घेऊन आला होता, पण पाकीट उघडून बघितलं नव्हतं. सगळ्यांसमोर चष्मा लावून त्यानं वाचायला सुरुवात केली. फिदेन्सियो, एक. असं करत नाबोर, सात. मग तो थांबला.

"वाच की," कारभारी म्हणाला.

"आठ," फिदेन्सियो म्हणाला. "एवेलिया. आई क्रिस्पिना, बाप मेल्कियादेस."

मग मागून एक जण म्हणाला, "पण मेल्कियादेस तर तेव्हा चार वर्षं आधीच वारले होते!" आणि दुसरा म्हणाला, "म्हणजे उशिरा का होईना, राहिलेलं काम पुरं केलं!" झालं. सगळं अंगण हसून लोळायला लागलं. सत्तावन्न वर्षांची विधवा, मेलेला नवरा आणि ताजं बाळ! कारकुनानं मान वर न करता लिहून घेतलं असणार.

फक्त दोन्या क्रिस्पिना हसली नाही. आणि नाबोर. तो फिदेन्सियोच्या कपात कॉफी ओतत होता, कप भरला, बशी भरली, तरी ओततच राहिला.

"मला माहीत होतं," एवेलिया म्हणाली. "माझ्या दाखल्यावरच आहे. ओतिलियाचं नाव वाचवायला केलं असेल, असं मला वाटायचं. ओतिलियाची आडनावंही तीच, म्हणून कोणी कधी विचारलंही नाही."

"मग आता विचारतो," कारभारी म्हणाला. "कागदावर जे शेवटचं ते शेंडेफळ. घर तुझं, आई तुझी. माझा शिक्का नाबोरच्या नावावर उठत नाही."

"मला घर नको!"

"म्हणजे म्हातारी नको?"

पोरगी लाल झाली. हो म्हणायची सोय नव्हती आणि नाही म्हणायचीही. तिनं आजीकडे पाहिलं, आजी केककडे बघत होती. कारभाऱ्यानं ठरवायला आठ दिवसांची मुदत दिली आणि केक खाऊन गेला. नाबोरला ना घर, ना माग ठेवायला पडवी, ना आई. तीस वर्षं ज्या एका गोष्टीसाठी त्यानं सगळं सोडलं होतं, ती त्याची नव्हतीच असं निघालं.

गाव आठवडाभर मेल्कियादेसवरच्या विनोदांत दंग होतं. मला मात्र वेगळाच प्रश्न छळत होता. ते बाळ आलं तेव्हा फिदेन्सियो आणि आंपारोला मूल नव्हतं, पुढेही झालं नाही. ती दोघं स्वच्छ दुपटं घेऊन आईकडे आली होती, आमच्या नावावर लावा म्हणून आंपारो रडली होती. मी तेव्हा तिथेच होते, कोणाला तरी सुई द्यायला. क्रिस्पिनानं नाही म्हणून सांगितलं. नाव वाचवायचं होतं तर जिवंत नवरा-बायकोचं नाव लावणं किती सोपं! मेलेल्या माणसाला बाप कशाला केलं? जेवताना, भांडी घासताना, कोणाच्या दंडावर स्पिरिट चोळताना, माझं तेच चाललेलं.

मंगळवारी इंजेक्शनचा दिवस होता. नाबोर पडवीत मागावर बसला होता, खटाक-खटाक आवाज येत होता. एवेलिया बाजाराला गेली होती. मी सुई भरली आणि विचारून टाकलं.

"दोन्या क्रिस्पिना, आंपारोला का दिलं नाहीत बाळ?"

"सुई दे आणि जा."

"देते. पण हात थरथरतो हो माझा, काही मनात अडकलं की."

"मेली चोंबडी," ती म्हणाली. मग डोळे मिटून घेतले. मला वाटलं झोपली. "तुला जोविता आठवते?"

न आठवायला काय झालं! वामांतला गावची जोविता, लांब मानेची, मोठ्यानं हसणारी. नाबोर तेवीसचा होता, दर रविवारी बस धरून तिकडे जायचा. तिनं त्याला साफ सांगितलं होतं, "लग्न तुझ्याशी करते, तुझ्या आईशी नाही. माझ्या गावी राहायला ये." त्यावर गाव महिनाभर हसलं होतं. थोरला असता तर गेलाही असता. शेंडेफळ कुठून जाणार?

"तो विचारायलाही आला नाही मला," म्हातारी म्हणाली. "नुसता विणत बसायचा. जेवायचा नाही. आणि तेवढ्यात ती पोर आली घरात. मी म्हटलं, ही माझी. माझ्या नावावर लागली की ही शेवटची. मग नाबोर मधला. मधल्यानं कुठेही जावं."

मला सुईचं भानच राहिलं नाही.

"कचेरीत जाऊन आले. रविवारी त्याला सांगणार होते, सगळ्यांसमोर, पाव-कॉफी करून. शनिवारी न्हाणीतून बाहेर येताना पडले. मांडीचं हाड. सहा महिने पाठीवर. मला उचलायला कोण होतं? महिन्याचं बाळ? मी म्हटलं, पाय बरा झाला की सांगते. मग खोकला झाला. मग पोरीला गोवर आला. दोन वर्षांनी जोवितानं दुसऱ्याशी लग्न केलं. मग सांगून काय करू?"

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर सवय झाली गं," ती म्हणाली. "हाक मारली की येतो, याची."

तेव्हा मला कळलं की मागाचा आवाज केव्हाच बंद झालाय. नाबोर दारात उभा होता. भुवयांना लोकरीची कुसं चिकटलेली. मला पळून जावंसं वाटलं, आणि खरं सांगते, पायही हलवावासा वाटला नाही.

"एकतीस वर्षं?" तो म्हणाला.

"रोज सांगणार होते."

तो आत आला. मग म्हणाला, "तुमची वेणी राहिलीय आज." खुर्चीमागे उभा राहिला, केस विंचरले, दोन्ही वेण्या घातल्या, टोकाला निळी लोकर बांधली. घट्ट. मग खुंटीवरची टोपी घेतली आणि पुढच्या दारानं बाहेर पडला. बसच्या थांब्यापर्यंत त्यानं मागे वळून पाहिलं नाही. मी बघत होते.

एवेलियानं कारखान्यातून रजा घेतली. पहाटे पाचला म्हातारीनं "नाबोर!" म्हणून हाक मारली, शेजारचा कुत्रा उठला, आणि पोरगी धडपडत आली. तिच्या हातची आंबील करपायची. वेण्या एक वर, एक खाली.

"चाळीस बायकांवर हुकूम चालवतेस म्हणे," म्हातारी म्हणायची, "आणि दोन वेण्या ऐकत नाहीत तुझं?"

"त्या बायका मान हलवत नाहीत, आई."

मृतांच्या सणाला मेल्कियादेसच्या तसबिरीपुढे झेंडूची फुलं पहिल्यांदाच नाबोरशिवाय मांडली गेली. म्हातारीचं जेवण अर्ध्यावर आलं. खुर्ची तिनं पुढच्या दाराकडे तोंड करून ठेवायला लावली. एक दिवस मी तिला म्हटलं, मी नाक खुपसलं नसतं तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "तुझ्या नाकाचं काय घेऊन बसलीस? माझं तोंड बघ. एकतीस वर्षं मिटलेलं होतं."

बसच्या कंडक्टरकडून कळलं की नाबोर वामांतलात आहे, कोणाच्या तरी मागावर विणतो. तेवढ्यानं माझं भागेना. सुया संपल्या म्हणून मी वामांतलाला गेले. सुया संपल्या नव्हत्या. चौकात तो बाकावर बसला होता, कागदाच्या पुडीतले शेंगदाणे खात, काहीही न करता. मी त्याला असं रिकामं बसलेलं जन्मात पाहिलं नव्हतं. कमानीच्या खांबाआड उभी राहून मी बघू लागले.

"सेनायदाबाई," तो समोरच बघत म्हणाला, "खांब बारीक आहे."

मग काय, गेले आणि त्याच्या शेजारी बसले. त्यानं पुडी पुढे केली. मी जोविताचं नाव काढायच्या आतच तो म्हणाला, "गेलो होतो. पहिल्याच दिवशी. तिनं आधी ओळखलंच नाही. मग कॉफी दिली. सात नातवंडं आहेत. त्यातली तीन माझ्या अंगावर चढली."

"वाईट वाटलं?"

"वाटेल असं वाटलं होतं." त्यानं शेंगदाणा सोलला. "दुसऱ्या दिवशी पाचला जाग आली. हाक नाही. मी वाट बघत पडून राहिलो. पहिले आठ दिवस निवांत पडून राहायलाच येईना, बाई. मग यायला लागलं."

"आई जेवत नाही नीट."

"माहीत आहे. कंडक्टर फक्त तुम्हालाच सांगतो होय?"

"परत येणार आहेस का?"

"माहीत नाही," तो म्हणाला, आणि मला वाटतं त्याला ते बोलून बरं वाटलं, कारण त्यानं तेच पुन्हा म्हटलं. "माहीत नाही. हे माझ्याकडे कधी नव्हतं. थोडे दिवस राहू द्या माझ्याजवळ. आणि गावात सांगू नका."

मी सांगितलं नाही. देवाशपथ. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात कठीण काम ते.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी, तो गेल्याला चाळीस दिवस होत आले असताना, मी इंजेक्शन द्यायला गेले. अंगणात एवेलिया न्हाणी तापवण्याच्या खटपटीत होती, तिकडून धूरच जास्त येत होता. म्हातारी खुर्चीत. एवढ्यात पुढचं दार वाजलं.

शनिवारी कोणी दार वाजवत नाही. शेजारी हाक मारतात, थोरले रविवारी येतात.

"कोण?" दोन्या क्रिस्पिना म्हणाली.

"मी. नाबोर."

म्हातारीच्या हातातली काठी पडली. मी उचलून दिली. "मग दार काय वाजवतोस?" ती ओरडली, पण आवाज नेहमीचा नव्हता. "मागचं दार उघडंच आहे. ये तिकडून!"

"तिकडून शेंडेफळ येतं," बाहेरून आवाज आला. "मी सातव्या नंबरचा आहे. यादीत बघा."

मी दार उघडायला निघाले. तिनं काठी माझ्या पोटाला आडवी लावली. "तू बस."

ती उठली. जिला न्हाणीपर्यंत पाठुंगळी न्यावं लागायचं, ती भिंत धरत, टेबल धरत, दारापर्यंत गेली. मध्ये दोनदा थांबली. मी मोजत होते, पंधरा पावलं. बाहेर नाबोर उभा होता, टोपी हातात, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेला पाव. अगदी थोरल्यांसारखा. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग बाजूला सरली, आणि जी खुर्ची ती फिदेन्सियोला द्यायची, तिच्याकडे काठीनं खूण केली. तो बसला. ती चुलीशी गेली. कॉफीत घालायची दालचिनी कुठे आहे हे तिला आठवेना, तीस वर्षांत तिनं डबाच उघडला नव्हता. नाबोर उठला नाही. त्याचे हात गुडघ्यांवर होते, आणि ते तिथेच ठेवायला त्याला किती जड जातंय हे मला दिसत होतं. शेवटी तिला डबा सापडला. कॉफी झाली. अर्धी बशीत सांडली, पण झाली. तो ती प्यायला.

"गोड झालीय," तो म्हणाला.

"साखर दोनदा पडली," ती म्हणाली.

मी रडले. सुईवालीनं रडू नये, हात हलतो, पण रडले.

शिक्का एवेलियाच्या नावानं उठला. ती शुक्रवारी येते, रविवारी रात्रीच्या बसनं जाते, आणि वेण्या आता एका पातळीवर येतात. इतर दिवशी झोपायला आंपारो येते, नाहीतर दुसरी कोणी सून. तीस वर्षं कोणालाही सुचलं नव्हतं ते आता वाटून घेतलंय, आणि सगळ्या मला सांगतात की त्यांच्या मनात हे कधीचं होतं. माग पडवीतच आहे. नाबोर फिदेन्सियोच्या मागच्या खोलीत राहतो. उठतो कधी सहाला, कधी आठला, आंपारो म्हणते काही नेम नाही. पण उठल्यावर येतो, आणि पुढचं दार वाजवतो.

रोज वाजवतो. मी जाते तेव्हा मुद्दाम त्या वेळेला जाते. म्हातारी "कोण?" म्हणते, तो नाव सांगतो, ती काठी टेकत उठते आणि कॉफी करते. मग तो कप खाली ठेवतो, आणि जिनं चौपन्न वर्षं त्याला नुसतं "नाबोर, हे कर, नाबोर, ते कर" म्हटलं, ती शालीच्या टोकाशी चाळा करत विचारते, "घाई नसेल तर बसतोस का जरा वेळ?"

"बघतो," तो म्हणतो. मग टोपी खुंटीला लावतो, खुर्ची तिच्या मागे ओढतो आणि म्हणतो, "मान वर करा."